ज्युसरवरची खोटी रेघ

ज्याने ज्युसर शोधून काढला त्या माणसाला एकदा आमच्या घरी आणावं, चहा पाजावा, आणि मग ज्युसरची जाळी त्याच्या हातात देऊन म्हणावं, धू. ही जाळी म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्यांनी ती धुतलेली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. चार गाजरांचा रस काढायला चाळीस सेकंद लागतात, आणि त्या गाजरांचे धागे जाळीच्या भोकांतून उपटायला एक जुना टूथब्रश, दोन टाचण्या आणि माणसाची उरलीसुरली श्रद्धा लागते. खोक्यावर ठळक छापलं होतं, 'एका मिनिटात आरोग्य!' पुढची एकोणसाठ मिनिटं कोणाच्या बापाची, ते मात्र छापलेलं नव्हतं.

ती माझ्या बापाची होती. सगळं सुरू झालं ते तिथूनच.

ज्युसर घरी येण्याआधी सहा महिने बाबा निवृत्त झाले. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, दूधवाल्यांची मापं आणि पेट्रोल पंपांचे काटे तपासले. ते बाजारात शिरले की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत तराजू आपोआप समतोल व्हायचे, असं लोक सांगतात. आई होती तोवर घरी भाजी आणायला ती त्यांना कधीच पाठवायची नाही, कारण भाजीवाला घाबरून जास्त द्यायचा आणि मग बाबा जास्त दिल्याबद्दल त्याला झापायचे. "माप म्हणजे माप. कमी ती चोरी, आणि जास्त ती लाच."

निरोपसमारंभात खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते रोज चार मिनिटं मागे पडतं. वजनमापे खात्याने दिलेलं घड्याळ! पूर्वीचे बाबा असते तर त्यांनी खात्यावरच खटला भरला असता. पण बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू दे." मी खरं म्हणजे तेव्हाच घाबरायला हवं होतं.

त्यानंतर बाबांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तीत बसले ते बसलेच. त्यांच्याकडे एकूण तीन वाक्यं उरली. "नको", "असू दे" आणि "ठेव तिथे". पेपर दिला तर ठेव तिथे. फिरायला चला म्हटलं तर नको. दाढी आठवड्यातून एकदा. पँटीला आधी पट्टा लागायचा नाही, मग लागायला लागला, मग पट्ट्याला मी खिळ्याने जास्तीची भोकं पाडायला लागलो.

"अहो," बायको एकदा हळूच म्हणाली, "बाबा काल अर्धं ताट जेवले. आज त्याच्याही अर्धं. असं बघता बघता..."

"पुढचं गणित करू नकोस," मी म्हणालो. पण मी ते आधीच करून बसलो होतो. माणूस मरायला आजारच लागतो असं नाही. खुर्ची पुरते.

सगळ्या तपासण्या केल्या. रक्त, लघवी, छाती, सगळं ठणठणीत. शेवटी मी आमच्या डॉक्टरांना ऑफिसातून फोन लावला. मी पाणीपुरवठा कार्यालयात बिलांच्या विभागात असतो. तिथला छपाईचा जुना यंत्रराक्षस चालू असला की शेजारच्या माणसाचा राजीनामासुद्धा ऐकू येत नाही. तो चालूच होता.

"रिपोर्ट उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "त्यांना रस नाही, एवढंच दुखणं आहे. रस निर्माण करा."

"रस?" मी ओरडलो.

"हो, रस! रोज. सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला थोडाथोडा. एकदा रस लागला की बघा कसे उठून बसतात!"

"फळांचा की भाज्यांचा?"

पलीकडून यंत्राच्या खडखडाटातून एवढंच आलं, "हो, हो, उत्तम! दोन्ही चालेल!"

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? डॉक्टर म्हणतो रस निर्माण करा, सकाळ-संध्याकाळ, थोडाथोडा. कोणत्याही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच मी केलं. दुकानात गेलो आणि ज्युसर आणला.

विक्रेत्याने मला जे जे सांगितलं त्याची तेव्हाच ध्वनिफीत करून ठेवायला हवी होती. साल काढायची गरज नाही म्हणाला. बिया काढायची गरज नाही. आवाज येत नाही. धुवायला तर काही नाहीच, "नुसतं पाण्याखाली धरायचं, सर." एवढ्या चार खोट्या गोष्टी एका दमात मी फक्त निवडणुकीत ऐकल्या आहेत.

सोबत माहितीपुस्तिका होती. ती कुठल्या तरी यंत्राने कुठल्या तरी भाषेतून मराठीत ओकली होती. 'फळास बोटाने आग्रह करू नये.' 'यंत्र उपाशी असताना फिरवू नये.' 'जाळी बसताना टक असा उद्गार काढेल.' मी अर्धा तास जाळी बसवत होतो. जाळीने उद्गार काढला नाही. मी काढले. ते इथे लिहिता येत नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या पथ्यकाकू आल्या. त्यांचं खरं नाव इमारतीत आता कोणाला आठवत नाही. जगातल्या प्रत्येक पदार्थाचं दुसऱ्या पदार्थाशी वैर असतं आणि ते वैर फक्त त्यांनाच ठाऊक असतं, म्हणून त्या पथ्यकाकू.

"बीट सकाळी," त्या म्हणाल्या. "गाजर संध्याकाळी. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. आणि सफरचंद घातलंस तर उभ्याने प्यायचं नाही."

"मग कसं प्यायचं?"

"बसून. पूर्वेकडे तोंड करून."

"बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात."

"भिंत कुठल्या बाजूला आहे?" काकूंनी गंभीरपणे विचारलं. मी त्यांना उत्तर दिलं नाही. मी संतापलो की उत्तर देत नाही. लोकांना ते मान्य केल्यासारखं वाटतं, हा माझ्या स्वभावाचा दोष.

पहिल्या सकाळी बीट घेतलं. जाळी नीट बसलेली नव्हती. हे मला बटण दाबल्यावर कळलं. खरं म्हणजे मला आधी काही कळलंच नाही. एक भयंकर आवाज झाला, आणि मग स्वयंपाकघर लाल झालं. छत, खिडकी, दिवा, माझा ऑफिसचा शर्ट, चष्मा. बायको धावत आली, माझ्याकडे पाहून तिने किंकाळी फोडली आणि माझं डोकं चाचपायला लागली.

"अगं, बीट आहे!"

"मग तसं ओरडायचं ना!" ती म्हणाली. आता माणसाने अपघातात सापडल्यावर आधी भाजीचं नाव घ्यावं अशी अपेक्षा असेल तर संसार कठीण आहे.

मी पाण्याच्या तीन बादल्या ओतून फरशी धुतली. ते पाणी गॅलरीच्या नळीतून खाली गेलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर खाली पहिल्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना सगळे ठराव म्हणतात, कारण ते बोलत नाहीत, ठराव मांडतात. त्यांचे सहा पांढरे शर्ट दोरीवर होते. संध्याकाळी पत्र आलं. 'सदर लाल द्रव कोणत्या स्वरूपाचा आहे व तो कोणाचा आहे, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.' मी खुलासा लिहिला, 'द्रव बिटाचा आहे. बीट माझं आहे.' त्यावर दुसरं पत्र आलं की खुलासा दोन प्रतींत हवा होता.

हे सगळं सोसून मी रसाचा पहिला पेला बाबांसमोर धरला.

"ठेव तिथे," बाबा म्हणाले.

मी ठेवला. बाबा भिंतीकडे बघत राहिले. तासाभराने रस काळपट पडला. पथ्यकाकू म्हणाल्या, शिळा रस म्हणजे विष. बायको म्हणाली, फेकायचा नाही, इतकी महाग फळं. मग उरलं कोण? मी.

असं रोज सुरू झालं. सकाळी एक जार, संध्याकाळी एक जार. जारवर अर्ध्या लिटरची रेघ होती. त्या रेघेपर्यंत मी इमानेइतबारे भरायचो, बाबांच्या शेजारच्या स्टुलावर ठेवायचो, बाबा त्याच्याकडे बघायचे, "ठेव तिथे" म्हणायचे, आणि तासाभराने मी नाक दाबून तो प्यायचो. बिटाचे डाग कायमचे असतात हे कळल्यावर बीट बंद झालं आणि नुसती गाजरं राहिली.

आणि चोथा! रसाबद्दल सगळे बोलतात, चोथ्याबद्दल कोणी बोलत नाही. पेलाभर रसामागे पातेलंभर चोथा निघतो. बायकोच्याने तो टाकवेना. मला डब्यात चोथ्याच्या वड्या, चोथ्याची ताटभर कसलीशी टिक्की आणि एकदा तर चोथ्याचा केक आला. पथ्यकाकू वाटीभर चोथा तोंडाला लावायला न्यायच्या. माझ्या पैशाने काकू उजळत होत्या आणि बाबा विझत होते.

चौथ्या आठवड्यात आमच्या आवक-जावक विभागातल्या बाईंनी माझ्या हातातून फाइल घेतली आणि एकदम सोडली.

"अहो, तुमचे तळहात!"

मी पाहिले. पिवळे. नारिंगीकडे झुकलेले. पिकलेल्या फळासारखे.

"कावीळ!" बाई म्हणाल्या. त्या हळू बोलू शकत नाहीत, म्हणून तर त्यांना आवक-जावकला ठेवलं आहे. पाच मिनिटांत माझ्या टेबलाभोवती कोणी उरलं नाही. ज्या लोकांनी सोळा वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं ते लोक लांबून मान हलवत होते. साहेबांनी मला दारातच थांबवलं.

"संसर्ग नसल्याचा दाखला आणा. तोवर आत येऊ नका."

"साहेब, मला काहीही होत नाहीये."

"तेच तर कावीळ झालेला माणूस म्हणतो." मग साहेबांनी माझ्या सहीची फाइल स्केलपट्टीने उचलली. स्केलपट्टीने! मी या कार्यालयात लोकांच्या शिव्या खात सोळा वर्षं घालवली, त्याची किंमत एक स्केलपट्टी.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझे डोळे पाहिले, जीभ पाहिली, तळहात पाहिले आणि हसायला लागले. पेशंटसमोर हसायला काही बंदी असावी असं माझं तेव्हापासून मत आहे.

"डोळे पांढरे आहेत. कावीळ नाही. गाजर किती खाता?"

"खात नाही. पितो. रोज एक लिटर."

"लिटर? कोणी सांगितलं?"

"तुम्हीच! रस निर्माण करा म्हणालात. सकाळ-संध्याकाळ! बाबा पीत नाहीत, म्हणून मी पितो!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. मग फार हळू आवाजात म्हणाले, "अहो, रस म्हणजे... कशात तरी रस. आवड. गोडी. बुद्धिबळ, वाचन..."

"मी फळांचा की भाज्यांचा विचारलं, तुम्ही दोन्ही चालेल म्हणालात!"

"मला वाटलं तुम्ही बागकामाचं म्हणताय."

मी तिथून कसा बाहेर पडलो मला आठवत नाही. मराठी भाषेवर माझं प्रेम आहे. पण ज्या भाषेत पेल्यातल्या आणि मनातल्या गोष्टीला एकच शब्द आहे, त्या भाषेत डॉक्टरांनी फोनवर उपचार करू नयेत असा ठराव कोणीतरी, आमच्या ठरावांनी का होईना, मांडायला हवा.

घरी आलो आणि ज्युसर खोक्यात कोंबायला लागलो. तीस दिवसांत परत करता येतो असं बिलावर लिहिलं होतं, आणि आज सत्ताविसावा होता. बायको विचारत होती काय झालं, आणि मी एकीकडे जाळी उपटत ओरडत होतो.

"सव्वीस दिवस! रोज दोनदा अर्धा अर्धा लिटर! सव्वीस लिटर गाजर प्यायलोय मी! सव्वीस लिटर! आणि कशासाठी? तर एका शब्दासाठी!"

"अर्धा लिटर नव्हता," मागून कोणीतरी म्हणालं.

आम्ही दोघं वळलो. बाबा खुर्चीतच होते, पण मान वळलेली होती. सात महिन्यांत तीन वाक्यांबाहेरचं हे पहिलं वाक्य.

"काय म्हणालात, बाबा?"

"अर्धा लिटर नव्हता तो. तू रोज माझ्यासमोर आणून ठेवतोस. मी रोज बघतो. त्या भांड्याची रेघ खोटी आहे."

"खोटी म्हणजे?"

"म्हणजे हवी तिथे नाही, खाली आहे. आण इकडे."

मी जार दिला. बाबांनी तो उजेडात धरला, एक डोळा मिटला, नखाने रेघ चाचपली. मग म्हणाले, "औषधाच्या दुकानातून तीन सिरिंज आण. दहा मिलीच्या. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतून."

"तीन कशाला?"

"एका साक्षीदारावर कोणाला फाशी देतात का?"

मी धावत गेलो. सात महिन्यांत बाबांनी पहिल्यांदा काही मागितलं होतं. त्यांनी तोफ मागितली असती तरी मी आणली असती.

बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले. बायकोने टेबल पुसलं, तर म्हणाले, "नुसतं पुसू नकोस, सपाट आहे का बघ." टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला कागद गेला. मग बाबांनी सिरिंजमध्ये पाणी ओढलं, बुडबुडा टिचकीने काढला आणि जारमध्ये सोडलं. "एक." पुन्हा. "दोन." घरात कोणी श्वास घेत नव्हतं. पथ्यकाकू चोथा न्यायला आल्या होत्या, त्या वाटी धरून दारात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आयुष्यात प्रथमच त्यांना सल्ला सुचला नाही. पंचेचाळीस. सेहेचाळीस. पाणी पाचशेच्या रेघेला टेकलं.

दुसरी सिरिंज. सेहेचाळीस. तिसरी. सेहेचाळीस.

"चारशे साठ," बाबा म्हणाले. "चाळीस मिलीची चोरी. दर वेळी." मग क्षणभर छताकडे पाहून, "तू सव्वीस लिटर प्यायलेला नाहीस. तेवीस लिटर नऊशे वीस मिली. उगाच खोटं बोलू नये."

मग उठले आणि दाढी करायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी दाखला घेऊन ऑफिसला, आणि बाबा जार घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात. तिथे त्यांना छापील अर्ज मिळाला. 'तक्रारीचा प्रकार' म्हणून तीन चौकोन होते. चालत नाही, आवाज येतो, गळतं. बाबांनी पट्टीने चौथा चौकोन आखला, शेजारी लिहिलं 'खोटं बोलतं', आणि त्यात बरोबरची खूण केली. अर्ज स्वीकारता येणार नाही असं खिडकीवरची मुलगी म्हणाली. बाबा म्हणाले, तसं लिहून द्या. ती म्हणाली, तसं लिहून देता येत नाही. बाबा म्हणाले, तर तेही लिहून द्या. दीड वाजता ते घरी आले, घामाघूम, लालबुंद, आणि येताच ओरडले, "जेवायला वाढा!"

बायकोच्या हातातली पळी पडली.

चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. 'जारवरील रेघ ही केवळ शोभेसाठी आहे.' बाबांनी ते तीनदा मोठ्याने वाचलं. "शोभेची रेघ! म्हणजे उद्या शोभेचा किलो निघेल!" त्या दिवशी त्यांनी दोनदा मागून घेतलं.

मग त्यांनी स्वतःच्याच जुन्या खात्यात तक्रार केली. तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेला अधिकारी आता त्यांच्या खुर्चीवर बसतो. त्याने बाबांना ओळखही न दाखवता टोकन दिलं, एकशे बारा नंबरचं. मला भयंकर राग आला. मी म्हणालो, "बाबा, एवढं शिकवलंत आणि त्याने तुम्हाला बाकावर बसवलं?"

"मग? मीच शिकवलंय त्याला. ओळख दाखवायची नाही म्हणून." बाबांची छाती दोन इंच फुगली होती. त्या अपमानाइतका आनंद त्यांना निरोपसमारंभात झाला नव्हता.

महिनाभर असं चाललं. बाबा सकाळी सातला उठायचे. टिपणं काढायचे. ठरावांना भेटून आले आणि सोसायटीच्या टाकीवर दहा हजार लिटर लिहिलंय ते कशावरून, असं विचारून आले. ठरावांनी मला गाठून सांगितलं की त्यापेक्षा लाल द्रव परवडला. पट्ट्याचं मी पाडलेलं एक भोक मागे पडलं, मग दुसरं. डॉक्टरांना मी फोन केला नाही. त्यांचं बरोबर होतं हे त्यांना सांगायची मला काही घाई नव्हती.

आणि मग एका बुधवारी मला ऑफिसात कंपनीचा फोन आला. माझ्या नावावर बिल होतं ना.

"अभिनंदन, सर! आपली तक्रार मान्य झाली आहे. उद्या दुपारी बारा वाजता आमचा माणूस नवा जार घेऊन येईल. रेघ तपासून घेतलेली आहे."

मी हातातलं बिल खाली ठेवलं. तक्रार मान्य! म्हणजे प्रकरण मिटणार. बाबा जिंकणार. आणि जिंकल्यावर काय करणार? खुर्ची जागच्या जागी होती. भिंतही.

"मान्य करू नका," मी म्हणालो.

"सर?"

"अजून दोन-तीन वेळा फेटाळा. तुम्हाला काय, सवय आहे."

पलीकडून पुन्हा एक 'सर?' आलं. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि बाराच्या आधी इमारतीच्या जिन्यात दबा धरून बसलो. माणूस आला. चाळिशीचा, दमलेला, काखेत खोकं. मी त्याला पहिल्या मजल्यावर अडवलं.

"परत जा," मी कुजबुजलो. "घरी कोणी नाही सांगा. नाहीतर म्हणा, तक्रार चुकीच्या रंगाच्या शाईने लिहिलीय. काहीही म्हणा, पण जार देऊ नका."

त्याने खोकं खाली ठेवलं. "साहेब, अकरा वर्षं मी लोकांना नाही म्हणतोय. 'नाही, हमीत बसत नाही. नाही, तुमचीच चूक.' एकाने माझ्यावर मिक्सरचं झाकण फेकलंय. आज पहिल्यांदा 'हो' म्हणायला पाठवलंय मला. सकाळी बायकोला सांगून निघालोय. आणि तुम्ही म्हणता, परत जा?"

"अहो, पण माझे वडील..."

"त्यांचंच पत्र वाचून आमच्या मोठ्या साहेबांना घाम फुटला."

"समजून घ्या! त्यांना न्याय मिळाला तर ते पुन्हा खुर्चीत बसतील!"

"वर या दोघंही," वरून आवाज आला.

बाबा दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभे होते. आमच्या जिन्यात कुजबूज इतकी स्वच्छ ऐकू येते की तिच्यावर वेगळं शुल्क लावायला हवं. मी मान खाली घालून वर गेलो. बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर मला चाललं असतं.

"माझ्या पाठीमागे तू माझ्यासाठी नकार मागत होतास?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाबा आत वळले. त्यांनी त्या माणसाला पाणी दिलं, खोकं उघडायला लावलं, नवा जार टेबलावर ठेवला आणि सिरिंज घेतली. तो माणूस हात बांधून उभा होता, परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा. बायको ओट्याला टेकून उभी. मी मोजत होतो. चाळीस. सेहेचाळीस. मी मनात म्हणत होतो, इथेच थांब, इथेच थांब. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. पाणी रेघेला बरोबर टेकलं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

"अचूक," बाबा म्हणाले.

त्यांनी पोचपावतीवर 'समाधान झाले' असं लिहिलं आणि सही केली. पेनाला टोपण लावलं. तीन सिरिंज धुतल्या, पुसल्या, कागदात गुंडाळल्या. मग खोलीभर नजर फिरवली आणि ती खुर्चीवर येऊन थांबली. बायकोने माझा हात धरला. माझे तळहात अजून थोडे पिवळे होते, आणि आता ते ओलेही झाले.

"आणखी किती आहेत असे?" बाबांनी अचानक विचारलं.

"असे म्हणजे, काका?" तो माणूस म्हणाला.

"असे जार. खोट्या रेघेचे. विकले गेलेले नाहीत ते."

तो माणूस आधी दाराकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. मग अकरा वर्षांच्या नकारांनी दाबलेलं त्याच्यातलं काहीतरी एकदम वर आलं असावं. "गोदामात तीनशेच्या वर असतील, काका. नव्या खोक्यांत जुनेच जार घालणं चाललंय. तुमच्यापुरता हा एक तपासून पाठवलाय."

"आणि गोदाम किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"सहा."

"स्कूटर आहे?"

"आहे, पण मागची सीट जरा..."

बाबांनी सिरिंजची पुडी शर्टाच्या खिशात घातली, भिंतीला लावलेली खुर्ची एका हाताने बाजूला सारली, कारण तिच्यामागे त्यांच्या चपला होत्या, आणि चपला पायात सरकवल्या. पँटीवरून हात फिरवला. पट्टा लावलेला नव्हता आणि पँट जागेवर होती.

"बाबा, मी येऊ का बरोबर?" मी म्हणालो.

"तू? तू नकार मागत बसशील. तू ती जाळी धू."

ते खाली उतरले. त्या माणसाच्या पावलांच्या पुढे त्यांची पावलं वाजत होती. बायको धावत कठड्याशी गेली आणि ओरडली, "बाबा! जेवायला थांबायचं का?"

खाली स्कूटरला दोनदा लाथ बसली, तिसऱ्यांदा ती चालू झाली, आणि त्या आवाजाच्याही वर, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा बाबांचा आवाज आला.

"थांबू नका! ताट झाकून ठेवा! मला उशीर होईल!"

सात महिन्यांत, नव्हे, आता आठ होऊन गेले होते, आमच्या घरात कोणालाही उशीर झाला नव्हता. बायको आत आली, तिने ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं, आणि मग ओट्याशी उभी राहून, डोळ्यांना पदर लावून ती जी हसत सुटली, ती मी अर्धी जाळी धुवून होईपर्यंत थांबली नाही.